मेलेल्या जनावराचं चामडं आणि मिलानचा रॅम्प

(विनोबा भावे यांच्या स्मरणार्थ पेण येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



विनोबांच्या स्मरणार्थ व्याख्यान, आणि विषय प्राडा, गुच्ची, एर्मेस यांचा, हे काहींना खटकेल. ज्या माणसाने जन्म खादीच्या पंच्यावर काढला त्याचं उंची फॅशनशी नातं ते काय? नातं आहे, आणि ते पायातल्या चपलेतून जातं. याच पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेले विनोबा 1932 च्या अखेरीस वर्ध्याजवळच्या नालवाडीत राहायला गेले. त्या नालवाडीत एक चर्मालय उभं राहिलं. गोपाळराव वाळुंजकरांनी ते चालवलं. तिथला दंडक एकच: कातडं घ्यायचं ते आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचं, कत्तलीचं नाही. पॅरिस-मिलानच्या घराण्यांनी प्राणीस्नेहाचे बिल्ले छातीवर लावले, त्याच्या जवळजवळ 80 वर्षं आधीची ही गोष्ट.

आता मिलानकडे वळू. जून 2025 मध्ये प्राडाने पुढच्या उन्हाळ्यासाठीचे पुरुषांचे कपडे रॅम्पवर आणले आणि त्या मॉडेलांच्या पायात होती सपाट तळाची, अंगठ्याची, पावलावरून पट्टा गेलेली चामडी चप्पल. प्राडाच्या लेखी ती नुसती चामड्याची सँडल होती. कोल्हापुरात मात्र शेंबड्या पोरानेही ती ओळखली असती. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी यांनी प्राडाला पत्र लिहिलं, कंपनीने भारतीय पादत्राणांवरून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, जुलैत तिची माणसं कोल्हापूरला येऊन कारागिरांकडे बसून गेली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती फेटाळली गेली. शेवटी डिसेंबरात महाराष्ट्राच्या लिडकॉम आणि कर्नाटकच्या लिडकर या सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. 2,000 जोड इथल्या कारागिरांकडून करून घ्यायचे, फेब्रुवारी 2026 पासून जगभरातल्या 40 दुकानांत विकायचे, किंमत सुमारे 800 युरो. म्हणजे 80 हजार रुपयांच्या पुढे.

या सहा महिन्यांच्या गदारोळात श्रेयावर बोलणं झालं, पैशावर झालं, 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर झालं. ते सगळं रास्तच होतं. म्हशीचं नाव मात्र फारसं कुणी काढलं नाही. कोल्हापुरीचा जाड तळ म्हशीच्या कातड्याचा असतो आणि वरची नाजूक वेणी बहुधा बकऱ्याच्या. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कातडं दिवसेंदिवस मुरतं, मग त्याचे तळ कापायचे, बाजूला कान काढायचे, आणि शिलाईसुद्धा चामड्याच्याच वादीने करायची. अस्सल जोडात खिळा नसतो. कारागिरी म्हणून ही वस्तू अव्वल आहे, यात वाद नाही. पण प्राडाने तर 2019 मध्ये गाजावाजा करून फर वापरणं बंद केल्याचं जाहीर केलं होतं. मग मिंकची दया आली आणि म्हशीची आली नाही, असं कसं?

याचं उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. फर सोडण्याची लाट 2016 ते 2021 या काळात आली. अर्मानीने 2016 मध्ये सोडली, गुच्चीने ऑक्टोबर 2017 मध्ये घोषणा केली, 2018 मध्ये वर्साची, 2021 मध्ये तर केरिंग या गुच्चीच्या मालक कंपनीने आपले सगळे ब्रँड फरमुक्त करण्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रांनी पानं भरली. पण गुच्चीच्या विक्रीत फरचा वाटा नगण्य होता आणि चामड्याच्या वस्तूंचा निम्म्याहून अधिक. वांगी मुळातच न आवडणाऱ्याने चातुर्मासात वांगी सोडावीत आणि गावभर सांगत फिरावं, त्यातलीच ही गत. पुण्य मिळालं, पदरचं काही गेलं नाही. शिवाय फर ही थंड देशातल्या श्रीमंतांची चैन. तरुण गिऱ्हाईक तिच्याकडे पाठ फिरवू लागलं होतंच. भारताने तर जानेवारी 2017 मध्ये मिंक, कोल्हा आणि चिंचिला यांच्या फरची आणि मगरीसारख्या प्राण्यांच्या कातड्याची आयातच बंद केली. इथे त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

एर्मेसचं प्रकरण जास्त बोलकं आहे, कारण ते घराणं निदान सोंग करत नाही. जेन बर्किन या अभिनेत्रीच्या नावाची त्यांची पिशवी 1984 पासून चालू आहे आणि मगरीच्या कातड्याची बर्किन ही तिच्यातली सर्वांत महाग जात. मगरींच्या फार्मवर काय चालतं त्याची पेटा या संघटनेने केलेली चित्रफीत 2015 मध्ये बाहेर आली, तेव्हा बर्किनबाईंनी आपलं नाव त्या पिशवीवरून काढायला सांगितलं. कंपनीने चौकशीचं आणि सुधारणेचं आश्वासन दिलं, बाईंचं समाधान झालं, नाव राहिलं, मगरही राहिली. एर्मेसची ऑस्ट्रेलियात स्वतःची मगरपालन केंद्रं आहेत. माल कुठून येतो हे ठाऊक असणं आणि माल निर्दोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उंची ब्रँडांची जाहिरात पहिली दाखवून दुसरी गळी उतरवते.

या सगळ्यांत स्टेला मॅकार्टनीला वेगळं काढायला हवं. 2001 मध्ये तिने आपलं लेबल सुरू केलं ते पहिल्या दिवसापासून चामडं आणि फर यांच्याशिवाय, आणि तेही गुच्ची समूहाच्या भागीदारीत, म्हणजे चामड्याच्या धंद्याच्या माजघरात बसून. तेव्हा तिला हसणारेच जास्त होते. अळिंब्याच्या तंतूंपासून केलेल्या मायलो नावाच्या पदार्थाचे कपडे तिने 2021 मध्ये दाखवले. 2023 मध्ये तो पदार्थ बनवणाऱ्या कंपनीला भांडवल मिळेना, मायलोचं काम थांबलं. अननसाच्या पानांचं, निवडुंगाचं, कानपूरला देवळातल्या निर्माल्याचं, केरळात नारळाच्या पाण्यावर वाढवलेलं, अशी कितीतरी चामडी गेल्या दहा-पंधरा वर्षांत निघाली. प्रयोग म्हणून ती सगळी कौतुकाची आहेत. पण दुकानात ‘व्हीगन लेदर’ म्हणून जे समोर येतं त्यातलं बहुतेक कशाचं असतं? पॉलियुरेथेनचं नाहीतर पीव्हीसीचं. आपल्याकडे एसटीच्या सीटवर आणि शाळेच्या दप्तरावर जे रेक्झीन असायचं, त्याचंच हे गोरंगोमटं भावंड.

आणि इथे रोहा तालुका गोष्टीत येतो. नागोठण्याचा पेट्रोकेमिकल कारखाना आधी सरकारी आयपीसीएलचा होता, आता रिलायन्सचा आहे. वायूपासून पॉलिमर आणि कृत्रिम धाग्यासाठी लागणारा कच्चा माल तिथे तयार होतो. बनावट फर ही अखेर अशाच कृत्रिम धाग्यांची. याच उद्योगसमूहाने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात 2023 मध्ये जिओ वर्ल्ड प्लाझा उघडला आणि गुच्ची, लुई व्हितॉं, दिऑर अशी दुकानं एका छताखाली आणली. नागोठण्याच्या चिमण्या आणि प्लाझाच्या काचा यांच्यात गाडीने दोन-अडीच तासांचं अंतर असेल. तेवढ्या अंतरात पॉलिमरची किंमत किती पटींनी वाढते, हे ज्याने त्याने काढावं. चामडं कमावणारे कारखाने नदी नासवतात हे कानपूरला जाऊन पाहता येतं. प्लास्टिकचा माल बनवणारी रसायनंही काही गंगाजल नव्हेत. धाटावची औद्योगिक वसाहत आणि कुंडलिकेचं पाणी हा रोहेकरांना व्याख्यानातून शिकवण्याचा विषय नाही. प्राण्यावरचा घाव टळला म्हणून नदीतल्या माशांवरचा घाव माफ होत नाही.

कोकणी माणसाला तर या वस्तूंची परीक्षा घ्यायला प्रयोगशाळा लागतच नाही. पाऊस पुरेसा आहे. चामड्याचा बूट जूनमध्ये माळ्यावर ठेवला की गणपतीत काढताना त्यावर हिरवी-पांढरी बुरशी असते, पण ती पुसता येते, तेल लावलं की बूट पुन्हा चालतो. पॉलियुरेथेनच्या तळाचा महागडा बूट तसाच ठेवा. वरून तो नवाकोरा दिसतो. लग्नाला घालून निघालं की देवळाच्या पायरीपर्यंत तळाचे तुकडे भाजलेल्या पापडासारखे गळू लागतात. हवेतला ओलावा त्या पदार्थाची रासायनिक साखळीच तोडतो. अशा मालाला ‘टिकाऊ फॅशन’ म्हणणाऱ्या कंपनीच्या मालकाला एक पावसाळा रोह्यात ठेवावं. शेतावर आपल्या लोकांनी बांबूच्या कामट्यांत पानं गुंफून केलेलं इरलं वापरलं. ते कुणाला मारत नव्हतं आणि मोडलं की बांधावर कुजून जात होतं. ती वस्तू प्लास्टिकच्या कागदाने संपवली, आणि तेव्हा कुणी मोर्चा काढला नाही.

भारतीय डिझायनरांत या विषयावर बोलण्याचा अधिकार एका बाईने कमावला आहे: अनिता डोंगरे. नव्वदच्या दशकात मुंबईत व्यवसाय उभा केला, नवी मुंबईत मुख्यालय बांधलं, चामड्याला हात लावला नाही. एप्रिल 2016 मध्ये ओव्हल मैदानावर क्रिकेट खेळताना इंग्लंडच्या केट मिडल्टनने डोंगरे यांचा पोशाख घातला आणि जगभरातून मागणी आली. त्यानंतरही त्या पर्स आणि पट्ट्यांकडे वळल्या तेव्हा मिरम नावाचं वनस्पतिजन्य, प्लास्टिक नसलेलं चामडंच त्यांनी निवडलं. एवढ्या मोठ्या घराने हा नियम इतकी वर्षं पाळणं ही साधी गोष्ट नाही. प्राडा-गुच्चीच्या शेजारी उभं केलं तर डोंगरे कितीतरी उजव्या ठरतात.

पण त्यांच्याही लेहेंग्यात रेशीम आहे. आणि हा प्रश्न एकट्या डोंगरे यांचा नाही, तो आपल्या देवघराचा आहे. तुतीच्या रेशमाचा धागा अखंड मिळावा म्हणून कोषातला जीव आत असतानाच तो वाफेत किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीला असे हजारो कोष जातात. तरीही आपण रेशीम सोवळं ठरवलं. पूजेला सुती धोतर नको, मुकटा हवा, पीतांबर हवा. हैदराबादच्या कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावरच्या रिकाम्या कोषांतून अहिंसा रेशीम विणून दाखवलं. धागा तुटका, म्हणून झळाळी कमी आणि भाव जास्त. त्यामुळे लग्नाच्या बस्त्यात ते कुणी मागत नाही. चामड्याचं पाकीट देवघराबाहेर ठेवायला लावणारी आजी स्वतः हजारो किड्यांच्या मरणात गुंडाळून आरती करते, आणि तिला हे सांगण्याची कुणाची छाती होत नाही. या सभागृहातही होणार नाही, तेव्हा पुढे जाऊ.

पुढे जाण्याआधी पेणच्या गणपतीचा मात्र उल्लेख हवा, कारण पेण हेही एका अर्थाने फॅशनचं गावच आहे. पेण शहरातल्या आणि हमरापूर, जोहे पट्ट्यातल्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत गेल्या काही वर्षांत मूर्तीला खऱ्या कापडाचं धोतर नेसवणं, फेटा बांधणं, खड्यांचं डायमंड वर्क करणं याला मोठी मागणी आली आहे. कुठल्या साली कुठला फेटा चालणार, शेल्याचा रंग कोणता, याची चर्चा तिथे मार्गशीर्षातच सुरू होते. ते कापड बहुधा साटिन, म्हणजे पॉलिस्टर. म्हणजे यजमान पाटावर रेशमात बसलेला आणि बाप्पा नकळत अहिंसक वस्त्रात! सर्वांत कठीण काम डोळ्यांच्या आखणीचं. हात एका श्वासापुरता थांबतो आणि बारीक कुंचल्याने बुबुळाची कड ओढली जाते. चित्रकलेच्या धंद्यात अशा बारीक कामाला एकेकाळी मुंगसाच्या केसांचा कुंचला नावाजलेला होता. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे, तरी 2019 मध्ये ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ नावाने देशभर छापे घालावे लागले. कृत्रिम केसांचे उत्तम कुंचले आता मिळतात. इथे प्लास्टिकच्या बाजूने मत द्यायला हरकत नाही: कुंचला वर्षानुवर्षं चालतो, आणि मुंगूस जगतं.

आता नालवाडीकडे, आणि तिथल्या चर्मालयामागच्या गांधीविचाराकडे. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला शिकले होते. तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी जनरल स्मट्सना भेट दिला होता, हे अनेकांना ठाऊक असेल. त्यांचं म्हणणं सरळ होतं. गोरक्षण करायचं असेल तर गोरक्षण संस्थांनी टॅनरी काढली पाहिजे. मेलेल्या गुराचं कातडं, हाडं, शिंगं यांचा नीट उपयोग झाला तर जनावराला मरणोत्तर किंमत येते आणि ते कसायाला विकण्याची निकड कमी होते. गोसेवा संघाच्या सदस्यांनी मेलेल्या जनावराचंच चामडं वापरावं, असा दंडक होता. आजची ब्रँडेड करुणा ‘चामडं की चामडं नाही’ एवढंच विचारते. नालवाडीने विचारलं: जनावर कसं मेलं, कातडं कुणी सोललं, आणि पैसा कुणाच्या हाती गेला? ही परीक्षा जास्त कडक आहे.

पण ती निर्मळही नव्हती, आणि ते सांगायला रायगड जिल्ह्यातलंच महाड पुढे येतं. मार्च 1927 मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. मेलेली गुरं सवर्णांनी आपली आपण ओढावीत, अशी भूमिका त्या परिषदेने घेतली. ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं होतं त्यांनी ते टाकणं हाच त्यांच्या माणूसपणाचा पुरावा होता. मग ‘अहिंसक’ चामडं सोलणार कोण? आश्रमातल्या कार्यकर्त्यांनी ते काम स्वतः शिकून घेतलं, हा नालवाडीचा मोठेपणा. बाहेरच्या समाजाने ते शिकून घेतलं नाही. जुलै 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षक म्हणवणाऱ्यांनी भर रस्त्यात मारलं. गांधींच्या व्याख्येने ते तरुण जगातल्या सर्वांत प्राणीस्नेही उद्योगात होते.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी 1976 च्या कायद्यापासून होती. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्याआधी 11 जानेवारी 1982 पासून देवनारच्या कत्तलखान्यापुढे विनोबांच्या प्रेरणेने सत्याग्रह सुरू झाला होता. 2015 नंतर कोल्हापूरच्या कारागिराला चांगलं कातडं परराज्यांतून आणावं लागू लागलं, आणि धारावीतले चामड्याचे कारागीर रिकामे बसले. कायद्याने बैल वाचवला असेल. त्याच्या कातड्यावर पोट असलेल्यांचं काय, याचा विचार त्या कायद्यात नव्हता.

तो विचार केला एका चित्रकाराने. सुधीर राजभर यांनी धारावीतल्या त्याच कारागिरांना हाताशी धरून 2017 च्या सुमारास ‘चमार स्टुडिओ’ उभा केला. माल म्हणजे जुन्या टायर-ट्यूबांचं पुनर्वापराचं रबर. कापण्याची, दुमडण्याची, शिवण्याची पद्धत पिढीजात चामड्याची. ज्या जातिवाचक शब्दाने शिवी दिली जाते तोच शब्द त्यांनी महागड्या पिशवीवर छापला. डिसेंबर 2024 मध्ये डिझाइन मायामी या प्रदर्शनात रिहाना ही गायिका त्यांच्या खुर्चीवर बसलेली जगाने पाहिली. जनावर नाही, नवं प्लास्टिक नाही, कारागिराचं नाव झाकलेलं नाही. भारतातल्या प्राणीस्नेही चैनीच्या वस्तूंत पहिला क्रमांक द्यायचा तर तो या स्टुडिओला द्यावा लागेल, डोंगरे यांना दुसरा. प्राडाचा नंबर अजून लागायचा आहे.

तो लावून घेण्याची संधी मात्र प्राडाला आहे, आणि तिचं दार लिडकॉमच्या हातात आहे. कोल्हापुरी चपलेसाठी लिडकॉमने क्यूआर कोड आणला आहे. मोबाइल धरला की कारागिराचं नाव, ठिकाण, बनवण्याची पद्धत, कच्चा माल हे दिसतं. त्या यादीत आणखी एक रकाना वाढवावा: कातडं कत्तलखान्यातलं की आपल्या मरणाने मेलेल्या जनावराचं. 800 युरो मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला ते वाचायला मिळालंच पाहिजे, आणि मेलेल्या जनावराचं कातडं सोलणाऱ्याला पोलिसांचं संरक्षण आणि वाढीव दर मिळाला पाहिजे. श्रोत्यांना विनंती एवढीच की या मागणीचं पत्र विनोबांच्या तालुक्यातून लिडकॉमला जावं. मसुदा दाराशी ठेवला आहे, जाताना सही करावी.